भिंतीपलीकडची शिंक

शेजाऱ्याने नवी गाडी घेतली आणि आपल्या पोटात दुखलं, तर ते चारचौघांत बोलून दाखवता येतं. लोक समजून घेतात, कारण त्यांच्याही पोटात दुखलेलं असतं. शेजाऱ्याची बढती, शेजाऱ्याची गच्ची, शेजाऱ्याच्या नळाला येणारी मोठी धार, या सगळ्या दुःखांना समाजात मान्यता आहे. पण शेजाऱ्याच्या शिंकेवर जळणाऱ्या माणसाने जायचं कुणाकडे? भोंगेरावांपुढे नेमका हाच प्रश्न होता, आणि तो विचारायचीही सोय नव्हती, कारण ज्याला विचारावं तो आधी हसणार हे ठरलेलं.

भोंगेराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते शहराच्या बस स्थानकावर उद्घोषक होते. फलाटांच्या वर एक काचेची खोली, खोलीत माइक, माइकसमोर ते, आणि बाहेर खांबाखांबावर भोंगे. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' हे वाक्य आपल्यासारखं कुणालाच म्हणता येत नाही, असं त्यांचं नम्र मत होतं. निम्म्या शहराला त्यांचा आवाज ओळखीचा होता आणि चेहरा कुणालाच नव्हता. भाजीवाल्याकडे 'पाव किलो द्या' म्हटलं की तो चमकून वर बघायचा आणि गाडी वेळेवर आहे का ते विचारायचा. ड्रायव्हर मंडळींनी 'भोंगेराव' म्हणायला सुरुवात केली तेव्हा त्यांना राग आला होता. पुढे बायकोही तसंच म्हणू लागली, तेव्हा दाद कुणाकडे मागणार?

या नोकरीत एक पथ्य होतं. माइकसमोर शिंकायचं नाही. खोकला आला तर बटण बंद करता येतं, जांभई आली तर पुढच्या गावाचं नाव जरा लांबवता येतं, पण शिंक कुणाला विचारून येत नाही. त्यांना काम शिकवणाऱ्या जुन्या उद्घोषकाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "शिंक आली की जीभ टाळूला लाव, दोन्ही तळहात तोंडावर धर आणि गिळून टाक. वर माणूस बसलाय हे प्रवाशाला कळता कामा नये." भोंगेरावांनी ते इतकं मनावर घेतलं, की पुढे त्यांना घरीसुद्धा शिंकता येईना. शिंक यायची, चेहरा वेडावाकडा व्हायचा, तळहात आपोआप तोंडावर जायचे आणि आतून नुसता 'प्च' असा आवाज यायचा. बाटलीचं बूच निघावं तसा. "शिंकलात की काही उघडलंत?" असं बायको आतून विचारायची.

तर अशा या घरात एक मुलगी यायची होती. कायमची. दोन वर्षांची, संस्थेत वाढलेली. तिला सांभाळणाऱ्या मावशी तिला 'बाईसाहेब' म्हणायच्या, कारण ती हसायची नाही, रडायची नाही, कसला हट्ट करायची नाही. लहानशा खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे नुसती बघत राहायची, जणू हा माणूस कामावर ठेवावा की नाही याचा विचार चाललाय. सरकारी सह्या-शिक्के सगळे आटोपले होते. आता उरली होती तयारी.

तयारी म्हटल्यावर तळमजल्यावरच्या वहिनी वर आल्या. त्यांनी तीन मुलं वाढवली होती आणि हे त्या दर वाक्याच्या सुरुवातीला सांगायच्या. "मी तीन वाढवलीत, म्हणून सांगते. कमरेच्या खाली घरात काही ठेवायचं नाही. पोर हात घालणारच." म्हणून भोंगेरावांनी कमरेच्या खालचं सगळं कमरेच्या वर नेलं. चपला कपाटावर गेल्या, कचऱ्याचा डबा खिडकीत गेला, इस्त्री देवासारखी फळीवर बसली. मग आपण काय कुठे ठेवलं हे दोघांनाही आठवेना. कामावर निघताना स्टुलावर चढून चप्पल काढावी लागे. पुढच्या खेपेला वहिनी आल्या, वर बघून म्हणाल्या, "अहो, हे सगळं डोक्यात पडेल ना तिच्या." भोंगेरावांनी सगळं परत खाली आणलं. टेबलाच्या कोपऱ्यांना त्यांनी स्पंज बांधला, तो पहिल्याच दिवशी त्यांच्या चहात सुटून पडला.

पण यातल्या कशाचंच त्यांना काही वाटत नव्हतं, कारण खरी तयारी निराळीच होती आणि तिथे आपला हात धरणारं कुणी नाही याची त्यांना खात्री होती. संस्थेच्या ताईंनी सांगितलं होतं, की मूल घरी येण्याआधी घरची पिशवी पाठवायची. पिशवीत घरातल्यांच्या फोटोंचं एक छोटं पुस्तक, उशीचा एक वापरलेला अभ्रा म्हणजे घरचा वास ओळखीचा होईल, आणि घरातल्यांच्या आवाजात एखादी गोष्ट. "रोज झोपायच्या आधी आम्ही ती ऐकवू," ताई म्हणाल्या. "तिने तुम्हाला आधी आवाजावरून ओळखलं, की मग तुमच्याकडे यायला ती घाबरणार नाही."

आवाज. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी भोंगेरावांकडे नेमकं तेच मागत होतं जे त्यांच्याकडे ढीगभर होतं. एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितलेली नव्हती. लहान मुलं त्यांच्याकडे येत नसत. कुठल्याही समारंभात कुणाचंही पोर त्यांच्या मांडीवर दिलं, की ते आधी त्यांच्या तोंडाकडे बघे, मग ओठ काढी, आणि मग बायकोने हात पुढे केला की तिच्याकडे उडी मारी. बायकोकडे सगळी जायची. रडकी जायची, आजारी जायची, एकदा तर शेजाऱ्यांचं मांजर गेलं होतं. भोंगेराव वरवर हसायचे आणि आतून कुढायचे. आता मात्र एक तरी मूल जगात असं असणार होतं, ज्याला बायकोच्या आधी ते ठाऊक होणार होते. बायको उशीचा अभ्रा पाठवणार होती. अभ्रा तो अभ्रा.

गोष्ट त्यांनी स्वतः रचली. एक छोटी बस असते, ती डेपोचा रस्ता चुकते, सगळ्यांना विचारत विचारत शेवटी घरी येते. पहिल्यांदा मोबाइलवर रेकॉर्ड केली तेव्हा सुरुवातच 'बाळाने कृपया लक्ष द्यावे' अशी झाली. बायको पदर तोंडात कोंबून बाहेर गेली. दुसऱ्यांदा छोटी बस फलाटावर उभी राहिली. तिसऱ्यांदा प्रेशर कुकर मध्ये बोलला. असं करता करता संध्याकाळ झाली आणि अखेर ते एकदाचं जमलं. आवाज असा काही लागला, की त्यांना स्वतःलाच गहिवरून आलं. "आणि मग ती छोटी बस," ते म्हणाले, "हळूच म्हणाली..."

आणि भिंतीपलीकडे मास्तर शिंकले.

मास्तर म्हणजे शेजारचे पोहण्याचे मास्तर. तलावाच्या या काठावर उभं राहून त्या काठावरच्या पोराला दम देण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. आता निवृत्त, एकटे, आणि छाती अजून पूर्वीएवढीच. त्यांच्या शिंकेचे तीन भाग असत. आधी 'आ... आ...' अशी प्रस्तावना, आणि ती इतकी लांब की ऐकणाऱ्याने हातातलं काम खाली ठेवावं. मग मुख्य स्फोट. आणि शेवटी समाधानाचा एक सूर, 'हाऽऽय', जेवणानंतर निघतो तसा. "शिंक पोटातून आली पाहिजे," असं ते जिन्यात भेटेल त्याला सांगत. "हल्ली लोक नाकातून शिंकतात."

बायको म्हणाली, "अहो, परत करा. मास्तर आले मध्ये."

भोंगेरावांनी परत ऐकलं. शिंक होती, स्पष्ट होती, पण तिच्या आधीचं ते 'हळूच' असं काही उतरलं होतं, की तसं पुन्हा जन्मात उतरणार नव्हतं. त्यांनी पुन्हा दोनदा म्हणून पाहिलं, पण ती सर येईना. "लहान मुलांना कळतंय काय," ते म्हणाले, "शिंक ऐकूच येत नाही फारशी." आणि त्या एका 'हळूच'च्या मोहापायी त्यांनी तीच गोष्ट संस्थेत पाठवून दिली. माशी कुठे शिंकली हे पुष्कळांना शेवटपर्यंत कळत नाही. भोंगेरावांना ती जागा पुढे अगदी पाठ झाली.

थोड्याच दिवसांत ताईंचा फोन आला. आवाजात नवल मावत नव्हतं. "बाईसाहेब हसल्या."

भोंगेराव उभे राहिले. "माझी गोष्ट ऐकून?"

"हो ना. खुदकन हसली. मावशींच्या डोळ्यांत पाणीच आलं. इथे आल्यापासून कधी हसली नव्हती. आता रोज तेच लावा म्हणून मोबाइल आणून देते हातात."

"कुठल्या जागी हसली?" कलावंताला हे विचारावंच लागतं. "ते 'हळूच' म्हणतो तिथे?"

"त्याच्या लगेच पुढे," ताई म्हणाल्या. "ते शिंकतात ना, तिथे."

त्या दिवशी स्थानकावर सुटणारी गाडी येणारी झाली आणि येणारी रद्द झाली. संध्याकाळी भोंगेरावांनी दार-खिडक्या लावून, भिंतीला गादी टेकवून, शिंकेविना गोष्ट रेकॉर्ड केली आणि स्वतः नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी मावशींनी फोनवर सांगितलं, की बाईसाहेबांनी ती गोष्ट 'हळूच'पर्यंत शांतपणे ऐकली. मग वाट पाहिली. मग मोबाइल उलटा करून पाहिला. मग तो गादीखाली ठेवून त्यावर बसल्या. जुनीच लावावी लागली.

"अहो, हसतेय ना पोर," बायको म्हणाली. "कुणामुळे का असेना."

"कुणामुळे का असेना म्हणजे? गोष्ट कुणी रचली? बस कुणाची?"

"बस तुमचीच आहे हो. नुसता हॉर्न त्यांचा."

पुढचं दुखणं ताईंनीच आणलं. तुमच्या घरात जे गृहस्थ शिंकतात त्यांचा फोटो पुस्तकात नाही, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. मुलीला आवाज माहीत आणि माणूस नाही, हे बरं नव्हे. तेव्हा त्यांचाही फोटो द्यावा. शिवाय ते इतक्या जोराने शिंकतात त्या अर्थी त्यांना काही संसर्ग नाही ना, असं डॉक्टरांचं लेखी आणावं, कारण मुलीशी रोज संबंध येणाऱ्या माणसांची तपासणी लागते. "अहो, ते आमच्या घरातले नाहीत," भोंगेराव काकुळतीला येऊन म्हणाले, "ते भिंतीपलीकडचे आहेत." ताई समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "तिच्या दृष्टीने घरातलेच ते."

मास्तरांना हे सांगायला जाणं म्हणजे चोराला किल्ली नेऊन देणं होतं. पण गेले. मास्तर ऐकता ऐकता खुर्चीतून उठले. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. "मला हसली?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला म्हणजे, तुमच्या त्याला," भोंगेराव म्हणाले. मास्तर आत गेले आणि फोटोसाठी कोट घालून आले. त्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. फोटो काढताना ते दोनदा शिंकले, आणि तिसऱ्या फोटोत डोळे मिटलेले, तोंड उघडं, केस उभे असे जे काही आले, तोच फोटो द्या असा त्यांनी आग्रह धरला. "तिला खरा माणूस दिसू दे." पुस्तकात भोंगेरावांचा फोटो पासपोर्टच्या मापाचा होता. मास्तरांनी पानभर मोठा करून दिला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "शिंकून दाखवा." मास्तरांनी दिव्याकडे एकदा पाहिलं, प्रस्तावना केली आणि टेबलावरच्या चिठ्ठ्या खिडकीपर्यंत गेल्या. बाहेरच्या बाकावरून कुणीतरी "वा" म्हटलेलं आत ऐकू आलं. डॉक्टरांनी छाती तपासून, या वयात अशी फुप्फुसं आपण पाहिली नाहीत असा निर्वाळा दिला. मग सहज म्हणून भोंगेरावांकडे वळले. "तुम्ही पण राहणार ना मुलीबरोबर? शिंका बघू." नाकाला कापसाची वात लावल्यावर भोंगेरावांचा चेहरा गोळा झाला, हात वर गेले आणि 'प्च' झालं. डॉक्टर पुढे वाकले. "हे असं कधीपासून होतं?" मास्तरांना त्यांचा कागद तिथल्या तिथे मिळाला. भोंगेरावांना नाकात घालायचे थेंब मिळाले आणि पुन्हा दाखवायला या म्हणून सांगण्यात आलं. परत येताना मास्तरांनी खांद्यावर हात ठेवून धीर दिला. त्या हाताखालून भोंगेराव घरापर्यंत चालत आले, आणि माणसाच्या सहनशक्तीला काही सीमा असते हे पुस्तकात लिहिणाऱ्याने शेजार पाहिलेला नसावा असं त्यांना वाटत राहिलं.

मग भेटीचा दिवस आला. संस्थेच्या खोलीत रांगेने लहान लहान पलंग, भिंतीवर रंगीत मासे, आणि खुर्चीत बाईसाहेब. कपाळावर बारीक केस, पायात मोठ्या मापाचे मोजे. भोंगेराव गुडघ्यावर बसले. कितीतरी दिवस मनात घोळवलेलं वाक्य त्यांनी आपल्या सर्वांत चांगल्या आवाजात म्हटलं. "आणि मग ती छोटी बस हळूच म्हणाली..."

मुलीचे डोळे मोठे झाले. आवाज तिने ओळखला होता, यात वादच नव्हता. ती खुर्चीवरून उतरली, त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि त्यांच्या नाकाकडे बघू लागली. बघतच राहिली. भोंगेरावांनी नाक फुगवलं, खिडकीतून उन्हाकडे पाहिलं, श्वास कोंडून धरला. काही येईना. मग तिने मान वाकडी करून त्यांच्या पाठीमागे कुणी उभं आहे का ते पाहिलं. पाठीमागे बायको होती. बायकोने हात पुढे केले आणि बाईसाहेब तिच्याकडे गेल्या.

"फार शहाणी पोर आहे," मावशी निरोप देताना म्हणाल्या. "आमची सगळीच शहाणी. एक जागं झालं की अख्खी खोली रडायला लागते ना, म्हणून आवाजच करत नाहीत कुणी." भोंगेरावांनी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. त्यांचं सगळं लक्ष स्वतःच्या नाकात होतं.

मुलगी घरी आली. उशीला तिने वास घेऊन ओळखलं, पुस्तकातल्या बायकोवर बोट ठेवून खऱ्या बायकोकडे पाहिलं. भोंगेरावांकडून ती भाताचे घास खाई, बूट घालून घेई, पण सगळं ऑफिसातल्यासारखं. संध्याकाळ झाली की ती भिंतीपाशी जाऊन उभी राही. पलीकडे प्रस्तावना सुरू झाली की तिचे खांदे वर जात, स्फोट झाला की ती खिदळे, आणि 'हाऽऽय' झालं की दोन्ही हातांनी भिंतीवर थापा मारी. पलीकडून मास्तर टकटक करून उत्तर देत. हा संवाद चाले तेव्हा भोंगेराव वर्तमानपत्र उघडून बसत. ते उलटं आहे हे बायकोने एकदाच सांगितलं, नंतर सांगायचं सोडून दिलं. मास्तर हल्ली मुद्दाम धूळ झटकतात असाही त्यांना संशय होता. ज्या घरात वर्षानुवर्षं झाडू हलला नव्हता तिथे आता रोज गाद्या बडवल्या जात होत्या.

अखेर एका रविवारी त्यांनी निर्धार केला. जे मास्तरांना येतं ते आपल्याला का येऊ नये? बायको स्वयंपाकघरात होती. भोंगेरावांनी बशीत मिरपूड घेतली, आतल्या खोलीत जाऊन जमिनीवर बसले, बशी तोंडापाशी आणली आणि पोटातून श्वास ओढला.

शिंक अशी काही उसळली, की आता जग हादरणार असं त्यांना वाटलं. डोळ्यांत पाणी तरारलं. ओठ उघडले. आणि त्याच क्षणी वर्षानुवर्षांची सवय धावून आली. जीभ टाळूला लागली, तळहात तोंडावर गेले. 'प्च.'

डोळे पुसून पाहतात तो दारात बाईसाहेब. कधी आल्या कळलं नव्हतं. त्या जवळ आल्या आणि बशीत काय आहे ते वाकून बघू लागल्या. भोंगेरावांनी बशी मागे ओढली, पण तोवर तिचं इवलंसं नाक आक्रसलं होतं, डोळे मिटले होते. आता शिंकणार, हे कुणालाही दिसत होतं. तेवढ्यात तिचे दोन्ही हात वर आले. दोन्ही तळहात तिने तोंडावर घट्ट दाबून धरले, खांदे आत ओढून घेतले, आणि आतून आवाज आला. 'प्च.'

"अहो, किती बाटल्या उघडताय?" बायकोने आतून विचारलं.

भोंगेराव बघत राहिले. पहिल्यांदा त्यांना जो आनंद झाला तो सांगण्यासारखा नाही. ही आपली. ही हुबेहूब आपली. मास्तरांच्या सात पिढ्यांत कुणाला असं शिंकता येणार नाही. ते हसणारच होते. पण तिने अजून हात काढले नव्हते. तळव्यांच्या वरून ती त्यांच्याकडे बघत होती, कुणी जागं झालं का, कुणी रागावणार का, ते बघत होती. आणि मावशींचं ते न ऐकलेलं वाक्य आता भोंगेरावांना ऐकू आलं. त्यांना स्वतःला या शहाणपणाचा पगार मिळत होता. हिला काय मिळत होतं?

त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि त्या भरात मिरपूड पुन्हा नाकात गेली. 'प्च.' ती टक लावून बघत होती. मग तिने हळूच हात खाली घेतले, त्यांच्या हातांपाशी आली आणि त्यांच्या तोंडावरचे तळवे एकेक करून सोडवू लागली. खाली काय आहे ते तिला पाहायचं होतं. भोंगेरावांचं तोंड होतं. ती हसली. पलीकडे त्याच सुमारास मास्तरांनी प्रस्तावना केली, स्फोट केला, 'हाऽऽय' म्हटलं. ती भिंतीकडे गेली नाही. भोंगेरावांच्या मांडीवर बसून ती पुढच्या 'प्च'ची वाट बघत राहिली.

थोड्या वेळाने मास्तरांनी दार वाजवलं. अंगात कोट होता. "आज थाप आली नाही," ते म्हणाले. "बरी आहे ना?" आणि बोलता बोलता त्यांनी मांडीवरच्या मुलीकडे आणि मग भोंगेरावांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर भोंगेरावांनी गेले कित्येक दिवस आरशात पाहिली होती. विजय म्हणतात तो हाच. पण त्याचा स्वाद घ्यायला त्यांना म्हणावा तसा हुरूप आला नाही.

"या, मास्तर," ते म्हणाले. "एक काम होतं तुमच्याकडे. हिला शिंकायला शिकवा."

मास्तर खुर्चीच्या काठावर बसले. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आणि तुम्ही?"

"माझं आता निवृत्तीनंतरच बघू."

शिकवणी सुरू झाली. मास्तर तिला स्टुलावर उभं करत, जसं तलावाच्या काठावर करत असत. "छाती पुढे. घाबरायचं नाही. पोटातून." ती त्यांच्या बरोबरीने 'आ... आ...' करी, आणि खरी शिंक आली की नेमके हात वर जात. मास्तरांनी खूप सांगून पाहिलं, पण हात ऐकेनात. तेव्हा हात धरायचं काम भोंगेरावांकडे आलं. ती स्टुलावर, मास्तर समोर, आणि पाठीमागून तिचे दोन्ही हात धरून भोंगेराव. तळमजल्यावरच्या वहिनी एकदा दारातून हा प्रकार बघून गेल्या आणि तीन वाढवूनही आपल्याला हे सुचलं नव्हतं असं जिन्यात म्हणाल्या. शिंका यायच्या, अर्ध्यावर अडायच्या, पुन्हा 'प्च' व्हायचं. "येईल," मास्तर म्हणायचे. "पाण्यात पडलं की येतं."

एका दुपारी बायको डबा द्यायला स्थानकावर आली, बरोबर बाईसाहेब. काचेच्या खोलीत येण्याची कुणाला परवानगी नव्हती, पण कंट्रोलर जेवायला गेला होता. मुलगी थेट भोंगेरावांच्या मांडीवर चढली. तिने खालचे फलाट पाहिले, गाड्या पाहिल्या. समोर माइकचा लाल दिवा लागलेला होता. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," भोंगेरावांनी सुरुवात केली, आणि तो आवाज खांबाखांबावरून परत आलेला ऐकून तिने चकित होऊन मागे वळून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. छोटी बस तिने ओळखली असावी. खाली गाड्या मागे-पुढे होत होत्या, धूळ उडत होती, खिडकी उघडी होती.

तिचं नाक आक्रसलं. भोंगेरावांनी ते पाहिलं. एक हात बटणापाशी होता. ते दाबलं की माइक बंद, आणि नोकरीतलं व्रत शाबूत. पण तिचे हात वर निघाले होते. त्यांचे हात दोन होते आणि तिचेही दोनच. भोंगेरावांनी बटण सोडलं आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले.

"आ... आ..." अशी प्रस्तावना सगळ्या स्थानकावर ऐकू गेली. बाकांवरची माणसं वर बघू लागली. ड्रायव्हरांनी चहाचे पेले खाली ठेवले. मग स्फोट झाला. आणि मग एवढ्याशा गळ्यातून, खांबाखांबावरच्या भोंग्यांतून, जेवणानंतर निघतो तसा 'हाऽऽय' असा समाधानाचा सूर निघाला.

कंट्रोलर उष्ट्या हाताने जिना चढून वर आला. "कुणाची ती शिंक?"

शिंक मास्तरांची होती. प्रस्तावनेपासून 'हाऽऽय'पर्यंत मास्तरांची, त्यातला एकही सूर दुसऱ्या कुणाला आपला म्हणता आला नसता, आणि हे भोंगेरावांइतकं जगात कुणाला ठाऊक नव्हतं. माइक अजून चालू होता.

"आमची," ते म्हणाले.